साडूची मरळ

माझ्या साडूच्या गळाला मरळ लागते आणि माझ्या पोटात दुखतं. आमची सासुरवाडी इगतपुरीची. तो राहतो तिथंच, मी नाशिक रोडला. सुट्टीत मी महागडा रॉड घेऊन जातो, तो बांबूची काठी घेतो, आणि संध्याकाळी कौतुक कुणाचं? त्याचंच. माझी सख्खी बायको त्याला वाटीभर रस्सा जास्त वाढते.

गेल्या दिवाळीत सासरे तापातून उठले होते. तोंडाला चव नव्हती. मरळीचा रस्सा हवा म्हणाले. मी मनाशी ठरवलं, या वेळची मरळ माझी.

पण साडू सकाळीच काठी घेऊन उंबऱ्यात. मासे धरायला निघालेल्याला ‘कुठं’ विचारायचं नसतं, मासा फिरतो म्हणतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मुद्दाम विचारलं, "कुठं निघालात?"

सासूबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. साडू माघारी आला, अपशकुन मोडायला खाली बसला, गूळपाणी प्यायला. वाटलं, आता चिडेल. तो काठीही न उचलता म्हणाला, "आज तुम्ही जा. भावली धरणाच्या मागल्या अंगाला जांभूळ हाय, त्याच्या मुळाशी बसा. बारका बेडूक लावा. गांडुळाला मरळ येत नाय."

मी मनातल्या मनात हसलो. वा रे शहाण्या! गळ टाकणारा माणूस आपली जागा कधी खरी सांगतो का? मी स्वतः दारणा नदीवर किती जणांना भलत्याच डोहावर पाठवलंय. म्हणून जांभळीकडं पाठ करून धरणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. गांडूळ लावून. दिवसभर ऊन खाल्लं आणि बोटाएवढे चार मासे घेऊन परतलो.

साडूनं विचारलं, जांभळीखाली काहीच नाही? मी बेधडक सांगितलं, "तासन्तास बसलो. काही नाही तिथं."

त्यानं ते खरं धरलं. मला वाटलं होतं, हसेल, टोमणा मारेल. पण तो विचारात पडला, पाणी उतरलं असेल म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी जांभूळ सोडून पार मुकणे धरणावर गेला. त्या जागेवर तो वर्षानुवर्षं मरळ धरत होता, हे मला त्या दुपारी सासूबाईंकडून कळलं. खरं सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

संध्याकाळी साडू रिकाम्या हातानं आला. सासऱ्यांपुढं डाळीचं पाणी होतं. ते बाजूला सारून सासरे त्याला म्हणाले, "दमला असाल, आधी जेवून घ्या."

आदल्या दिवशी मला असं कुणी म्हटलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती. पण आधी पोटातच दुखलं.