हेलिकॉप्टरचं नाक माझ्याकडे

पत्रक लिहिणं मला येतं. वर विषय, मधे मागण्या, खाली "अन्यथा". रायपूरच्या कडेला उरल्याच्या कारखान्यांतून आमच्या गुढियारीच्या गच्च्यांवर जी काळी धूळ बसते, तिच्यावर आम्ही पत्रकं काढतो आणि मी ती चौकात उभी राहून वाटते. जो हात पुढे करत नाही त्याच्या पिशवीत टाकते. त्यामुळे उरल्याच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर, जिथे रविवारी सकाळी मॉडेल हेलिकॉप्टर उडवणारे जमतात, तिथे एकानं मला "दीदी, आप वीडियो बना लो" म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात पत्रकाचं पहिलं वाक्य छापून तयार होतं.

मी व्हिडिओ काढायला गेले नव्हते. हेलिकॉप्टर आमचं होतं, म्हणजे बाबांचं. बाबा रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर होते आणि आयुष्यात त्यांनी हा एकच शौक केला. बॅटरीवर चालणारं, कुशीत मावेल एवढं यंत्र. एकेक स्क्रू त्यांनी स्वतः बसवलेला. आता त्यांच्या हातांना कंप आहे. चहाची बशी वाजते, मग रिमोट काय धरणार? हेलिकॉप्टर कपाटावर चढलं आणि बाबा त्या कपाटाकडे बघेनासे झाले. मला ते उडवायचं होतं. त्याच मैदानावर, बाबा शेजारी उभे असताना. मागणी एवढीच.

मैदानाचा कारभार पाहणाऱ्यांना सगळे बड़े भैया म्हणत. ते म्हणाले, परीक्षा द्यावी लागेल. हेलिकॉप्टर डोळ्यांच्या उंचीवर, नाक आपल्याकडे करून, ते सांगतील तोवर एका जागी धरायचं आणि चुन्यानं आखलेल्या गोलात उतरवायचं.

"पहले घर में सिम्युलेटर पे सीखो, दीदी. मशीन भी बचेगी, हम भी बचेंगे."

"ये नियम सबके लिए है, कि सिर्फ दीदी लोगों के लिए?"

"सबके लिए."

मी चौकशी केली. खरंच सगळ्यांसाठी होता. याचा मला जास्तच राग आला, कारण आता लिहायला काही उरलं नाही. व्हिडिओचं ते वाक्य मात्र अपमानच होता. त्याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही.

सिम्युलेटर म्हणजे बाबांचाच रिमोट वायरीनं जुन्या लॅपटॉपला जोडायचा आणि पडद्यावरचं हेलिकॉप्टर उडवायचं. पडद्यावर हिरवंगार गवत आणि धुतलेलं आभाळ. असलं मैदान रायपुरात कोणी पाहिलंय? पण हेलिकॉप्टर खऱ्यासारखंच वागतं. शेपूट आपल्याकडे असेपर्यंत ते शहाणं असतं. नाक आपल्याकडे वळलं की त्याचं उजवं ते आपलं डावं. सावरायला जावं तर ते आणखी जोरानं पळतं आणि आपटतं.

"जिकडे पडून राहिलं, तिकडेच रिमोटची दांडी दे," बाबा मागून म्हणायचे. "पडत्या भिंतीले टेकू देते ना, तसं."

"आणि आपटलं तर?"

"तर आपटलं. तुले काय लागते त्याचं?"

खरंच काही लागत नव्हतं. रिमोटच्या डाव्या खांद्यावरच्या, म्हणजे वरच्या कोपऱ्यातल्या बटणाला मी रिसेट लावून घेतलं होतं. पडलं की दाब, हेलिकॉप्टर पुन्हा कोरं. पाड, दाब, पाड, दाब. आई भाजी निवडत बघायची. "काहून वं, पत्रकं सरले काय तुझे? हे काय खेळून राहिली?" पण नाक माझ्याकडे ठेवून ते स्थिर धरायला मी शिकले, आणि थेट परीक्षेला गेले.

सुरुवात चांगली झाली. हेलिकॉप्टर वर गेलं, वळलं, समोरासमोर थांबलं. मग वाऱ्याची झुळूक आली, ते तिरकं झालं आणि जमिनीवर आडवं पडलं. मोटर चालूच होती. पाती माती उडवत होती आणि यंत्र बड़े भैयांच्या पायांकडे सरकत होतं. ते उडी मारून बाजूला झाले. बाबा ओरडत होते, "होल्ड, होल्ड कर." होल्ड म्हणजे मोटर बंद करणारा खटका, रिमोटच्या उजव्या खांद्यावर. मी मात्र डाव्या खांद्यावरचं बटण दाबत होते. दाबतच होते. शेवटी बाबांचा थरथरता हात माझ्या खांद्यावरून आला आणि त्यानं उजवा खटका पाडला.

"दीदी, आप दबा क्या रही थीं?" बड़े भैयांनी विचारलं. मी पात्यांचे तुकडे वेचायला लागले.

स्कूटरवर परतताना बाबांनी मागे बसून मोडक्या पात्यांचं हेलिकॉप्टर कुशीत धरलं होतं.

"काहून दाबत होती ते?"

"पुन्हा उभं राहील म्हणून."

ते इतके हसले की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. मी हसले नाही. सिम्युलेटरनं मला सगळं शिकवलं होतं, फक्त पडणं फुकट करून ठेवलं होतं. आणि एखाद्याचा पाय कापला गेला असता.

घरी आल्यावर पहिलं काम हे केलं, की रिमोटवरचं रिसेट काढून टाकलं. एक सुटा कीबोर्ड लॅपटॉपला जोडून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. आता हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की आधी होल्ड, मग रिमोट खाली ठेवायचा, उठायचं, स्टुलापर्यंत जायचं आणि तिथे रिसेट. आळस हा फार चांगला मास्तर आहे, पाडावंसंच वाटेना. शिवाय बाबा मधेच, सगळं ठीक चाललेलं असताना, "होल्ड" म्हणायचे. मग आईलाही गंमत वाटायला लागली. कुकरची शिट्टी झाली की ती स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "होल्ड." गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात एक ताट हातातून निसटलं, तेव्हा माझ्या उजव्या हाताचं बोट हवेतल्या हवेत खाली आलं.

पाती बदलताना बाबांनी स्क्रू बोटांत धरून दिले आणि मी आवळले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा वारा उरल्याकडून होता, धुळीसकट. हेलिकॉप्टरचं नाक माझ्याकडे. ते डावीकडे सरकलं, मी उजव्या अंगठ्यानं दांडी डावीकडे दिली, ते थांबलं. बड़े भैया "उतारो" म्हणेनात. मुद्दाम बोलत नव्हते, हे मला कळत होतं. मग ते एकदम झुकलं, आणि माझ्या बोटानं खटका पाडला. गुडघ्याएवढ्या उंचीवरून ते धपकन खाली आलं. त्याचा एक पाय वाकला. पाती मुकाट फिरत थांबली.

"घेरे में नहीं उतरा," बड़े भैया म्हणाले.

"मालूम है. फिर से करूँगी."

"पैर टेढ़ा है उसका."

"हव, तो सीधा करेंगे ना," बाबा म्हणाले आणि खाली बसले. पाय सरळ होईना, तेव्हा केबल बांधायची पट्टी त्यांनी त्याला गुंडाळली. टोक खाचेत ओवणं त्यांना जमलं नाही. मी ओवलं आणि आवळलं.

या वेळी मी त्याला धरलं. नाक माझ्याकडे, माझे डोळे नाकावर. बड़े भैया एकदाचे "उतारो" म्हणाले आणि मी उतरवलं. एक पाय बरोबर चुन्यावर.

"लाइन पे है," कोणीतरी म्हणालं.

"लाइन भी घेरा है," मी म्हटलं.

"कबड्डी में नहीं होता, दीदी."

"तो कबड्डी का नियम लिख के लगाओ यहाँ, मैं फिर से उड़ाती हूँ."

बड़े भैया उकिडवे बसून चुन्याकडे बघत राहिले. मग उठले, गुडघे झटकले. "नहीं, हो गया. बैटरी बदल लो और उड़ाओ."

मी नवी बॅटरी लावली आणि हेलिकॉप्टर वर नेलं, पार सड्डूच्या बाजूच्या झाडांपर्यंत, आणि नाक आमच्याकडे वळवून परत आणलं. बाबा शेजारी उभे होते. हात पँटच्या खिशांत होते. हेलिकॉप्टर झुकलं की उजव्या खिशात त्यांचा अंगठा हलत होता.