कंपाउंडर मामाजींचं मलम

कंपाउंडर मामाजी कोणाच्याही अंगाला तळहात लावत नसत. डोळे मिटून बोटांची पाठ चट्ट्यावरून फिरवत आणि म्हणत, "तळहात कामानं मेला राहते. खरं हा मागचा हात सांगते." तिरोड्याच्या एका डॉक्टरकडं त्यांनी उभी हयात औषधं कालवली. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला आणि मामाजी दवनीवाड्याला परतले. खाज असो, नायटा असो, धानाच्या रोवणीच्या चिखलानं कुजलेली बोटं असोत, मामाजी स्वतः कालवलेलं पांढरं मलम देत. प्लॅस्टिकची छोटी डबी. तिच्यावर नाव नाही, सोबत कागद नाही.

दवनीवाडा माझं माहेर. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणालाही सांगते, त्यात लाजायचं काय? मामाजींना त्याचं माझ्याहून कौतुक. "का वं बीए बाई," अशीच त्यांची हाक. चार लोक बसले असले की पेपर माझ्या हातात देत. "वाच, वाच. या ढोरांले आयकू दे!" ढोरं हसत. मी वाचत असे, आणि अडलेला शब्दसुद्धा न थांबता वाचून टाकत असे.

माझ्या मुलीला, प्राचीला, आठव्या वर्षी सोरायसिस निघाला. आधी कोपरं, मग गुडघे, मग केसांत. एका लग्नाच्या पंगतीत माझ्या नणंदेनं आपली पोरगी तिच्या शेजारून उठवली. मामाजींनी ते पाहिलं. येऊन त्या रिकाम्या जागी मांडी घातली आणि प्राचीच्या पत्रावळीतला वडा उचलून तोंडात टाकला. नणंदेला म्हणाले, "हे लागट नाही, बाई. लागट तुमचं तोंड आहे." त्या दिवसापासून पोरगी त्यांची झाली. आमच्याकडं मुर्रीला, माझ्या सासरी, येताना ते तलावातले शिंगाडे आणत, सोलून एकेक तिच्या हातावर ठेवत.

गोंदियाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. दर महिन्याला रक्त तपासायचं. "घाबरू नका, आपण लक्ष ठेवून देऊ," ते म्हणाले. घरी येऊन मी खोक्यातला कागद उलगडला आणि मोबाइलवर शब्द शोधत पूर्ण वाचला. यकृत, फुफ्फुस, रक्तातल्या पेशी. पुढं गर्भाबद्दलही लिहिलं होतं. नवरा म्हणाला, "डॉक्टरले एकदा विचारून त घे." मी म्हटलं, "मी वाचलंय." ठेवून दिली गोळी. कागदावरचे धोके मी एक-एक मोजले, डॉक्टरांचं 'लक्ष ठेवून' मात्र मोजलंच नाही. आणि डबीसोबत कागद नव्हता, म्हणून डबीत धोकाही नव्हता. शिकलेल्या बाईनं असं ठरवलं.

मामाजींचं मलम लावलं आणि चार दिवसांत चट्टे बसले. अडीच वर्षं मी ते मलम लावत राहिले. डबी संपत आली की मामाजी दुसरी घेऊन हजर. मागचा हात फिरवून म्हणत, "पाह्य, रेशीम झालं पोरीचं अंग." मला ते ऐकायला किती आवडायचं!

मग काखेत, मांड्यांवर जांभळ्या रेघा उमटल्या. पोरीला नुसतं नख लागलं तरी रक्त येई. डॉक्टरांनी रेघा पाहूनच विचारलं, "कुठलं मलम लावता?" त्यात जोरदार स्टेरॉइड असणार, त्यानं कातडी पातळ झाली, पण एकदम बंद करू नका, उतरवत नेऊ, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी संतापानं त्याच संध्याकाळी डबी नालीत फेकली. तीन आठवड्यांत प्राची डोक्यापासून तळपायापर्यंत लाल झाली. अंथरूण झटकलं की खपल्यांचा ढीग. नागपूरला भरती केलं आणि तीच गोळी सुरू झाली, जी आधी चार चट्ट्यांसाठी द्यायची होती.

आम्ही परतल्यावर मामाजी शिंगाड्यांची थैली घेऊन आले. मी दारातच अडवलं. "काय घालत होते जी त्यात?" त्यांनी तीन ट्यूबांची नावं न अडखळता सांगितली. मग हळूच म्हणाले, "मले वाटलं, तुले माहीत आहे."

"पुन्हा माझ्या दारात येऊ नका," मी म्हणाले. आतून प्राची रडत होती, "मामाजीले आत येऊ दे ना, आई." त्यांनी थैली पायरीवर ठेवली आणि गेले. त्याच हिवाळ्यात वारले.

तेरवीला प्राचीनं हट्टच धरला, म्हणून गेलो. तिथं एक म्हातारी माझ्याजवळ आली. शाळेचं तोंड न पाहिलेली, जन्मभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी करणारी. आपली भेगाळलेली बोटं दाखवत म्हणाली, "बीए बाई, आता मलम कोण देईन वं?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बरं झालं बंद झालं. स्टेरॉइड होतं त्यात. चामडी खाते ते."

"हो, मालूम आहे," ती म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी विचारलं ना, का आहे जी हेच्यात? त मामाजी म्हणे, लय तेज आहे, आठ दिवसांच्या वर लावशीन त चामडी झिजन. आम्ही आठ दिवसांनं सोडून देतो." मग माझ्याकडं बघून, अगदी साधेपणानं, "तू नोयतं विचारलं का?"

नव्हतं विचारलं. अडीच वर्षांत एकदाही नाही. विचारलं असतं तर मला माहीत नाही हे मामाजींना कळलं असतं. त्यांच्यावरचा राग तेवढा माझ्याकडं उरला होता, तोही म्हातारीनं काढून घेतला.

प्राची बाजूलाच उभी होती, पूर्ण बाह्यांच्या ड्रेसमध्ये. तिनं सगळं ऐकलं. परत येताना ती स्कूटीवर माझ्या मागं बसली, पण मला धरलं नाही. मुर्री येईपर्यंत मागची दांडी धरून बसली.