राणीने दाराआडच विव्हळायचं

श्यामला ही ऑकलंडच्या फ्लॅट बुशमधली अत्यंत सुखी बाई आहे असं तिचा नवरा चंद्रहास सगळ्यांना सांगतो, म्हणजे असणारच. ऐसपैस घर आहे, दोन गाड्यांचं गराज आहे, आणि दर महिन्याला ओटीपोट कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारखं दुखतं. यातलं शेवटचं चंद्रहास सहसा सांगत नाही. अगदीच वेळ आली तर "हिला जरा क्रॅम्प्स येतात" एवढ्यावर भागवतो.

ती फार्मसिस्ट. दिवसभर काउंटरमागे उभी राहून लोकांना बजावते, दुखणं अंगावर काढू नका. मग घरी येऊन फ्रिजच्या दाराला कपाळ टेकवते आणि स्वतःचं निगुतीने अंगावर काढते.

डॉक्टरकडे जात नाही असं नाही. जाते ना. पण तिने तोंड उघडायच्या आत चंद्रहास म्हणतो, "मी सांगतो." आयटीत मॅनेजर माणूस, सर्व्हर जळून खाक झाला तरी 'मायनर इश्यू' म्हणायची सवय. "शी इज मॅनेजिंग फाइन, डॉक्टर. पेन दहापैकी, लेट्स से, चार." आणि श्यामलालाही सुटल्यासारखं वाटतं, कारण या गोष्टी परक्या माणसासमोर बोलायच्या तर तिची जीभ टाळूला चिकटते. डॉक्टर पॅरासिटमॉल लिहून देतात. तीच गोळी ती दिवसभर विकते.

अशात मराठी मंडळाच्या वार्षिक नाटकाचं सुरेशने मनावर घेतलं. सुरेश ख्राइस्टचर्चला भूकंपानंतर इमारती उभ्या करून ऑकलंडला आलेला इंजिनिअर. आता उभारायला मराठी रंगभूमी तेवढी उरली होती. त्याने स्वतःच एक ग्रीक वळणाची शोकांतिका लिहून काढली, आणि राणी श्यामला.

"बघा वहिनी, ग्रीकांचं एक शास्त्र होतं," पहिल्या वाचनाला तो म्हणाला. "राणी प्रेक्षकांसमोर विव्हळत नाही. दाराआड जाते. आतून फक्त आवाज. मग दूत येऊन सगळं सांगतो."

"आणि राजा?"

"राजाच्या पायात बाण घुसलाय. तो समोरच विव्हळतो. चांगली दोन पानं."

"पायात?"

"घोट्यात. त्याची वेदना कशी, अख्ख्या मानवजातीची आहे."

"आणि राणीचं काय दुखतं?"

"पोट. देवीचा शाप."

"ती मानवजातीची नाही?"

सुरेशने जरा विचार केला. "ती घरातली आहे," तो म्हणाला.

शिवाय बायकांचा कोरस होता. कोरसचं काम म्हणजे किंकाळी ऐकायची, छाती पिटायची, आत जावं की न जावं यावर चर्चा करायची आणि जायचं नाही. मुग्धा आणि अबोलीला हे एका तालमीत जमलं. दूत कोण, हे विचारायलाच नको. चंद्रहासला सांगायची केवढी हौस.

शनिवारी बॉटनी डाउन्सच्या हॉलमध्ये तालीम होती. राजा, म्हणजे ऋतुराज, घोटा धरून यथेच्छ विव्हळला आणि चहा घ्यायला बसला. श्यामला लाकडी चौकटीतल्या दाराआड गेली. पहिला "आई गं" अभिनयाचा होता. दुसरा नव्हता. तिसऱ्याला ती गुडघ्यांवर बसली.

"ऐका सख्यांनो, राणीचा स्वर," पलीकडे मुग्धाचा आवाज लागला. "आत जावं का?"

"थांबावं," अबोली म्हणाली. "राजवाड्यातल्या गोष्टी."

श्यामलाने जमिनीवर हात आपटला.

"वहिनी, मस्त," सुरेश ओरडला. "फक्त जरा साधं वाटतंय. ग्रीक वेदना भव्य असते. पोटातून काढा."

"पोटातूनच येतंय," ती म्हणाली. ते दारानेच ऐकलं.

"काय नॅचरल करते गं," अबोली कुजबुजली. "मला तर काटा आला."

"हो ना. गेल्या वेळेपेक्षा कितीतरी बेटर."

आत कुणी आलं नाही. संहितेत तसं नव्हतंच. चंद्रहास दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने दूताचं स्वगत सुरू केलं. राणी कशी दुमडते, दातात पदर कसा धरते, कुणी आलं की कशी सरळ उभी राहून हसते, आणि पाठ वळली की थंड दगडाला कपाळ कसं टेकवते. दाराआड श्यामला ओठ चावत ऐकत होती. एकही तपशील चुकला नव्हता.

"वा," सुरेश म्हणाला. "पण हे माझं नाही. कुठून सुचलं?"

"घरी बघतो ना," चंद्रहास खुशीत म्हणाला. "इंप्रोव्हाइज केलं."

दार उघडलं. श्यामला कमरेत वाकून बाहेर आली.

"वहिनी, तुमची एंट्री नाही. तुम्ही मेलायत."

"अजून नाही, भावजी," ती म्हणाली, आणि मंचाच्या मधोमध आडवी होऊन अशी ओरडली की ऋतुराजने चहा बाजूला ठेवून तिला जागा करून दिली. चंद्रहासने गाडीची किल्ली शोधायला सगळे खिसे उलटे केले. ती त्याच्या हातातच होती.

क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, दहापैकी किती दुखतंय.

"मी सांगतो," चंद्रहास म्हणाला.

"तू बाहेर बस."

"अगं, पण मी नीट…"

"नीटच सांगतोस. आत्ताच ऐकलं मी. बाहेर बस."

तो गेला. मग श्यामला बोलली. अडखळत, मध्येच सॉरी म्हणत, रक्ताबद्दल, गाठींबद्दल, कामावर उभं राहता न येण्याबद्दल. नऊ, म्हणाली. डॉक्टरबाईंनी टायपिंग थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते. म्हणजे, सांगितलं जात होतं."

स्कॅन ठरला, स्पेशालिस्टकडे नाव गेलं. पब्लिक हॉस्पिटलमध्ये नंबर लागायला महिने जातील हेही कळलं. पेशंट भव्य विव्हळला म्हणून रांग काही आखूड होत नाही. तिथे दिलेल्या इंजेक्शनचा गुण अजून यायचा होता. गाडीत ती पुन्हा कण्हली, मग मोठ्याने ओरडली, सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघेपर्यंत.

"काच वर घेऊ का?"

"घे नाहीतर नको घेऊस."

"मी काय करू, श्यामला?"

"काही नको. गाडी चालव आणि ऐक."

फ्लॅट बुश येईपर्यंत त्याने ऐकलं. मध्ये दोनदा तोंड उघडलं, आणि मिटलं.