काकांच्या पट्ट्यातलं शिसं

माणूस बारीक झाला की त्याचं अभिनंदन करायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

आमच्या वरच्या फ्लॅटमधले काका म्हणजे सिंगापुरातल्या समस्त मराठी जनांत तरंगायला सर्वांत लायक गृहस्थ. हे त्यांचंच मत. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत नोकरी, लिफ्टमध्ये आधी पोट शिरायचं आणि मागून काका, आणि सुट्टी मिळाली की स्कूबा डायव्हिंग. चरबी पाण्याहून हलकी. म्हणून जाड माणसाला खाली जायला कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजनं बांधावी लागतात. काकांना आठ किलो लागायचं, आणि ते हे पदवीसारखं सांगायचे. मंडळाच्या गणपतीत लोक त्यांच्या पोटाला हसायचे, तेव्हा हे मोदक खात प्रत्येकाचं शिसं ठरवायचे: सेक्रेटरी एक किलो, नुसती हाडं, अध्यक्ष जिमला जातात, स्नायू जड, बिनशिशाचेच बुडतील. मला त्यांनी आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात डायव्हिंग शिकवलं. मी कायम कशावर तरी संतापलेला, छाती हवेने फुगलेली, खाली जातच नव्हतो. "श्वास सोड आधी," ते म्हणाले, "राग धरून कुणी तळाला जात नाही."

मंदीच्या वर्षी गणपतीत काका निम्मे दिसले. सगळे तुटून पडले: कुठलं डाएट, कसलं गुपित, काकूंनी उपाशी ठेवलंय का. दुनियेच्या अन्यायावर पत्रकं लिहिणारा मीही "भारी दिसताय" म्हणालो. काकांची भूक मेल्याचं फक्त काकूंना ठाऊक होतं. त्यांनी डॉक्टरांचं नाव काढलं की काका हसत म्हणायचे, "अगं, जन्मात पहिल्यांदा लोक पोटाला हसत नाहीत. थोडे दिवस राहू दे."

तीन महिन्यांनी त्यांनी नेहमीचा आठ किलोचा पट्टा बांधून बोटीवरून उडी मारली आणि दगडासारखे खाली गेले. बोटीवरच्या, डायव्हिंग शिकवणाऱ्या चिनी बाईंनी त्यांना वर आणलं, पट्ट्यातून दोन किलो काढले, मग आणखी दोन, आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं:

"अंकल, यू सिक आह? गो सी डॉक्टर, लाह."

मंडळातल्या इतक्या मराठी माणसांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी यायला हवं होतं.

काका गेल्यावर ते काढलेले चार किलो काकूंनी मला दिले. माझ्या टेबलावर आहेत. पत्रक लिहायला बसलो की हाताला लागतात.

तुमच्यात कुणी एकाएकी बारीक दिसलं, तर 'छान' ओठांवर येईल. तेवढा श्वास सोडून द्या, आणि विचारा: बरं आहे ना तुम्हाला?