गिलक्याने धुतलेली गाडी

मुलीच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. जावई नाशिकला असतात. दिल्लीला मित्राचं लग्न होतं, रेल्वे जळगावहून सोयीची होती, म्हणून दोघं आदल्या दिवशी गाडीने आले आणि ती गाडी पाच दिवसांसाठी जळगावातच, मेहरूणला आमच्या अंगणात लावून गेले. नवी, काळीकुळकुळीत गाडी. जाताना मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, तिला काही करू नका. नुसती उभी राहू द्या. त्याचा फार जीव आहे तिच्यावर."

झालं. माझी झोप त्याच क्षणी उडाली. मी मुळातच असा माणूस की कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतो, आणि चार पावलं गेलो की तिसऱ्यांदा बघायला परत येतो. शेजारची पोरं क्रिकेट खेळायला लागली की मी अंगणात जाऊन उभा राहायचो. चिंचेवरचे कावळे हुसकावायचो. बायको म्हणाली, "गाडी आली आहे घरी, पाहुणा नाही." मला तर पाहुणा परवडला असता. नवीन सोयरीक म्हणजे काय असतं ते मुलीच्या बापालाच कळतं. एवढ्यातेवढ्यावरून मनात अढी बसते आणि ती आपल्याला दिसत नाही, लेकीला दिसते.

त्याच दिवसांत नाना आमच्याकडे होते. नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. धुळ्याच्या अलीकडे हायवेला लागून आमचं गाव आहे, तिथली शेती तेच बघतात. कवळी बसवायला जळगावला आले होते. येताना नेहमीसारखी आमच्यासाठी वाळलेली गिलकी, म्हणजे घोसाळी, आणली होती. बांधावरच्या वेलावर जून होऊ दिलेली, साल काढून बिया झाडलेली. आमच्याकडे अजूनही अंग घासायला तीच जाळी लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन आलो तर नाना धोतर खोचून गाडीपुढे उभे. जवळ एक बादली, तिच्यात अंगाचा साबण विरघळवलेला, आणि हातात गिलकं. बॉनेटवर गोल गोल हात फिरवत होते. चारही दारं, टप, मागची बाजू सगळं घासून झालं होतं. बादलीतलं पाणी मातीने गढूळ झालं होतं आणि त्याच पाण्यात गिलकं पुन्हा पुन्हा बुडत होतं.

"दख आते, बापू, कशी चमकी राहिनी," नाना म्हणाले.

"नाना, हे कशाला केलंत?"

"लेकना घरना डबा आपन रिकामा धाडतस का? मंग हाई गाडी धूयमा भरेल कशी धाडवानी?"

धुळीने भरलेली गाडी परत कशी धाडायची, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात खरंच लेकीचा डबा कधी रिकामा गेलेला नाही. आणि गाडी ओली होती तोवर चमकतही होती.

दहाच्या सुमाराला ऊन अंगणात आलं आणि गाडी वाळली. बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती बारीक बारीक रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दारांवर त्याच, टपावर त्याच. नाना मागे येऊन उभे होते, आणि मी वळून जे बोललो ते मला आजही मी बोलल्यासारखं वाटत नाही, कुणा दुसऱ्यानेच बोलल्यासारखं वाटतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? बैल आहे का हा, घासायला?"

नानांनी वाकून रेघा पाहिल्या. "मऊ शे रे गिलकं," ते म्हणाले. "आंगले लावतस आपन." मग त्यांनी गिलकं पिळलं, भिंतीवर वाळत ठेवलं आणि आत गेले. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझं सगळं लक्ष बॉनेटवर होतं.

दुपारी मी गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार समजूतदार निघाला. म्हणाला, "काका, रंग कापडाने खराब होत नाही, मातीने होतो. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच. आधी नुसत्या पाण्याने ती सोडवायची, मग हात लावायचा." त्याने मला मायक्रोफायबरचा हातमोजा दाखवला. त्याला शेवयांसारखे लोंबते धागे होते. माती त्या धाग्यांत आत शिरते, रंगावर घासली जात नाही, असं तो म्हणाला. बादल्या दोन हव्यात. एकीत साबण, दुसरीत नुसतं पाणी, मोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात झटकायचा. पुसायला जाड, मऊ टॉवेल. ब्रश नको, स्पंज नको, कोरडं फडकं तर अजिबात नको. "आणि मोजा खाली मातीत पडला तर गाडीला लावायचा नाही," हे त्याने दोनदा सांगितलं. मी काकुळतीला येऊन रेघांचं विचारलं. तो म्हणाला, "कधी कधी साबणाचा आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर असतो. नीट धुऊन बघा. गेल्या तर गेल्या."

तेवढ्या आशेवर मी घरी आलो. पण लगेच मोजा लावायची हिंमत होईना. कापड मऊ आहे की नाही हे जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर घासून कळतं, असंही दुकानदाराने सांगितलं होतं. घरात एकच सीडी सापडली, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची. बायको बघतच राहिली. मी तिची मऊ झालेली सुती साडी घासली, मुलीच्या बाळपणीचं दुपटं घासलं, भांड्यांचा स्पंज घासला. प्रत्येकाने थोडा तरी ओरखडा पाडला. गिलक्याने तर पंचवीस वर्षांचा संसार खरवडून काढला. मोज्याने मात्र काही केलं नाही.

"तुम्हाला वेड लागलं आहे," बायको म्हणाली. "सरळ जावयांना फोन करून सांगा." माझा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन यायच्या आत, मी गाडी धुतली. आधी पाणी सोडलं, मग वरून खाली एकेक भाग, दर वेळी मोजा झटकून. दुसऱ्या बादलीच्या तळाशी काळी माती बसलेली दिसत होती, आणि तीच काल रंगावर फिरली होती हे डोळ्यांनी कळत होतं. नाना ओट्यावर बसून बघत होते. मी म्हटलं, "नाना, जरा ती बादली सरकवा." त्यांनी बादली आणली, माझ्यापासून चार हात लांब ठेवली आणि परत ओट्यावर जाऊन बसले. मला राग आला, की म्हातारपणी माणसं साधी मदतही धड करत नाहीत.

ऊन आलं. रेघा होत्या तिथेच होत्या.

रविवारी सकाळी दोघं स्टेशनवरून आले. मी रिक्षाचं भाडंही त्यांना देऊ दिलं नाही, आणि चहा होण्याआधीच जावयांना अंगणात नेऊन सगळं सांगितलं. नानांचं नाव घेतलं नाही, "आमच्याकडून झालं" म्हणालो. जावयांनी बॉनेटवर वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मी ते पाहिलं. मग ते म्हणाले, "पॉलिश केलं की निघेल, बाबा. त्यात काय." मुलीने माझ्याकडे पाहून मान डोलावली. चार दिवसांत पहिल्यांदा मला चहाची चव लागली.

निघताना जावईच म्हणाले, "नाना, तुमचं गाव वाटेवरच आहे, चला, सोडतो." नाना नको नको म्हणत पिशवी घेऊन बाहेर आले. जावई गाडीत बसले, मुलगी पुढे बसली. नाना मागच्या दारापाशी नुसते उभे राहिले. मला वाटलं, त्यांना दार उघडता येत नाही. मी पुढे होणार, तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या पंजाला नीट दोन वेढे गुंडाळले आणि मग कडी धरली.

"नाना, असं काय करता?" मुलगी आतून हसत म्हणाली.

"मन्हा हात खरबडा शेतस, बेटा," नाना म्हणाले. "रेघ पडी जाई."

जावईही हसले. नाना आत बसले, काचेपासून अंग चोरून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी दार लावायला वाकलो. "नाना, टेकून बसा. तुमच्या हाताने काही होत नाही," मला म्हणायचं होतं. जावयांसमोर मला ते म्हणता आलं नाही. मी दार लावलं, हळूच, रंगाला धक्का लागू नये असं.