सम्यक नक्कल करत नव्हता

ज्या व्हिडिओवर आमचं अख्खं घर पोट धरून हसलं होतं, तो डॉक्टर मॅडमनी पुन्हा पुन्हा पाहिला आणि एकदाही हसल्या नाहीत.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळचं," मी म्हणाले. "नक्कल करतोय तो मॅडम. माझ्या वडिलांची. त्यांचे गुडघे दुखतात ना, ते असेच उठतात."

"नाही," त्या म्हणाल्या. "नक्कल नाही ही. त्याला खरंच असं उठावं लागतंय."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. गियाँ-बारे सिंड्रोम. दवाखान्यात सगळे त्याला जीबीएस म्हणतात. मी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तुमच्यापैकी कुणी आत्ताच ऐकलं असेल, कुणाचं लेकरू आत तपासायला नेलं असेल आणि तुम्ही बाहेर बाकावर बसला असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

सम्यक माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, पाच वर्षांचा. मी कासार आंबोलीत अंगणवाडी सेविका आहे आणि भावाच्याच घरी राहते. भाऊ अमोल हिंजवडीकडच्या सोसायट्यांमध्ये वायरमनचं काम करतो. वहिनी तेव्हा बाळंतीण होती, धाकटी मुलगी जेमतेम महिन्याची. म्हणून दवाखान्यात सम्यकजवळ मी राहिले.

हा मुलगा म्हणजे बोलण्याचं पोतं. बहीण घरी आणली तेव्हा त्याने तिला दुपट्यातून उघडून नीट पाहिलं आणि आईला म्हणाला, "दात न्हाईत, केस न्हाईत. नवीन म्हणून जुनीच दिली आपल्याला." आमच्या वरच्या खोल्यांत कंपनीतली दोन मुलं भाड्याने राहतात. रात्रपाळी करून सकाळी झोपतात. त्यांना विचारून आला, "दादा, तुमची कंपनी घुबडांची हाय का?" अंगणवाडीत वजन करायला उभा केला की आधीच सांगायचा, "आत्तू, काटा बघू नको. मी आत्ताच जेवलोय."

असं काही बोलला की ते गावभर व्हायचं. त्याला नकलांचाही नाद. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी फर्माईश ठरलेली: नाना कसे उठतात, दाखव. नाना म्हणजे माझे वडील. मग हा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचा, कण्हायचा, मांडीवर हात चढवत चढवत उभा राहायचा. नानांसकट सगळे हसायचे. कौतुक करायची आमची पद्धत ही अशी.

आजाराच्या दोन-तीन आठवडे आधी त्याला जुलाब झाले होते. मी मीठ-साखरेचं पाणी दिलं, औषध दिलं, बरे झाले. मुलांना होतातच, ते मी विसरूनही गेले. मग एका सकाळी तो अंथरुणावरून हात टेकत, मांड्यांवर हात चढवत उठला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी उठला. वरच्या मुलांपैकी एकजण पाणी भरायला खाली आला होता, त्याने मोबाईल काढला. "नाना, बघा तुमचा वारसदार!" असं मीच ओरडले. व्हिडिओत माझा आवाज आहे.

त्याच व्हिडिओत सम्यक म्हणतो, "मी न्हाई करत. पायच करत्यात."

त्यावर तर आम्ही आणखीच हसलो.

दुपारी तो अंगणात पडला. संध्याकाळी पायरी चढेना, मला उचलून घे म्हणाला. वहिनी म्हणाली, धाकटी आल्यापासून लाड करून घेतोय. मलाही ते पटलं. अंगणवाडीत अशी मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. घरात पाळणा हलला की थोरलं परत बाळ होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याला धड उभंही राहता येईना, आणि मग मात्र मी त्याला उचललं आणि थेट पौडला नेलं.

पौडच्या डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता, तो हलला नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. "आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. उद्यावर टाकू नका." त्यांचे उपकार आमचं घर विसरणार नाही.

पुण्यातल्या मुलांच्या दवाखान्यात मॅडमनी अमोलला समजावून सांगितलं. शरीराची रोगाशी लढणारी ताकद कधीकधी चुकून आपल्याच नसांवर उलटते. जुलाबासारखं काहीतरी आधी होऊन गेलेलं असतं. नसांवर एक आवरण असतं, ते खराब होतं आणि मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. सुरुवात पायांपासून होते आणि दुखणं वर चढत जातं.

अमोल म्हणाला, "म्हंजे वायरचं कोटिंग गेलंय. आतली तार शाबूत हाय का?"

"बहुतेक आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग कोटिंग परत येतं का?"

"येतं. लहान मुलांत तर चांगलं येतं. पण वेळ लागतो, आणि तोवर आजार कुठपर्यंत चढतो हे बघावं लागेल. श्वासापर्यंत जायला नको."

सगळा प्रश्न तेवढाच होता. पाय गेले होते, हात ढिले पडत होते. श्वास उरेल की नाही, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईने थोडं पाणी काढून तपासणं. त्याने पाठ कायमची जाते असं बाकावरची एक बाई मला सांगत होती. तसं होत नाही, घाबरू नका. मग शौचाचा नमुना घेतला. लहान मुलाचे हातपाय असे अचानक लुळे पडले की पोलिओ नाही ना हे सरकारी नियमाप्रमाणे पाहावंच लागतं. ते ऐकून माझं डोकं फिरलं. "दोन थेंब मी माझ्या हाताने पाजलेत त्याला, दर वेळी!" मी भांडल्यासारखी बोलले. नमुना घेणारी सिस्टर शांतपणे म्हणाली, "पाजलेत ना, मग चांगलंच निघेल." तसंच निघालं.

तिसरी तपासणी नर्व्ह कंडक्शनची. हातापायांना विजेचे बारीक झटके देऊन नस निरोप किती वेगाने नेते ते मोजतात. लेकरू कळवळलं. पण दुसऱ्या झटक्यानंतर मशीनवाल्या दादाला म्हणालं, "माझ्या पप्पांना बोलवा. तुमच्या मशीनला अर्थिंग न्हाई." तो दादा हसला. मी हसू शकले नाही. वहिनीला मात्र फोनवर सांगितलं आणि ती हसता हसता रडायला लागली.

औषध शिरेतून सुरू झालं. आयव्हीआयजी म्हणतात त्याला. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं असतात ती, थेंबाथेंबाने काही दिवस देतात. औषध आज दिलं आणि उद्या उठून बसला असं होत नाही, हे तुम्ही आधीच मनाशी पक्कं करा. मला कुणी तसं बजावलं नव्हतं, त्यामुळे मी दर तासाला त्याची बोटं हलतात का बघत बसायची.

श्वास मोजायची डॉक्टरांची एक साधी रीत होती. मूल खोल श्वास घेतं आणि त्याच एका श्वासात आकडे म्हणतं. सम्यकला वीसपर्यंत येत होते आणि त्याचा त्याला गर्व होता. पहिल्या दिवशी वीसपर्यंत म्हणाला आणि पुढचेही येतात म्हणून थाप मारली. दुसऱ्या दिवशी पंधराच्या आसपास अडखळला. आवाज नाकातून यायला लागला होता, पाणी पिताना ठसका लागत होता.

मग एका दुपारी तो सहापर्यंत आला आणि थांबला.

"सहानंतर काय येतं, विसरलास?" मी विचारलं. मला तेव्हा खरंच वाटलं की तो दमलाय, विसरलाय.

त्याने माझ्याकडे पाहिलं. थांबत थांबत, कसंबसं म्हणाला, "आकडे हायेत आत्तू. हवा संपतीया."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्या या वेळीही हसल्या नाहीत. वळून त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि मला बाहेर जायला सांगितलं.

त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. तोंडातून श्वासनळीत नळी घालतात आणि यंत्र श्वास देतं. नळी असेपर्यंत मूल बोलू शकत नाही. बाहेर अमोलला हे कळलं तेव्हा तो जिन्यात बसला. "शेवटचं काय बोलला?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोराचं कुठलंही बोलणं ऐकून न हसण्याची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ असेल.

पीआयसीयू म्हणजे लहान मुलांचा अतिदक्षता विभाग. दिवसातून थोडाच वेळ आत सोडायचे. सम्यकला गुंगीचं औषध होतं, पण ते थोडं उतरलं की तो ऐकायचा. चेहरा हलत नव्हता. हो असेल तर एकदा डोळे मिट, एवढं सिस्टरने त्याला शिकवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "त्याच्याशी बोला. रडू नका, नुसतं बोला."

बोलायला सोपं वाटतं ते. जो मुलगा आपल्याला बोलू देत नसे, त्याच्यापुढे एकटीने काय बोलायचं? शेवटी माझ्या अंगणवाडीतल्या मदतनीस शांताबाई कामाला आल्या. रोज दुपारी फोन करून त्या पोरं काय बोलली ते मला सांगायच्या आणि मी ते आत जाऊन सम्यकला सांगायची. आर्या नावाची मुलगी म्हणाली होती, "सम्यकची जागा मी पुसून ठिवलीया, पण बसू कुणालाच देत न्हाई." एकाने शांताबाईंना विचारलं, तिथे सुया टोचतात तर तो पळून का येत नाही? त्याचे पाय चालत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. तर तो म्हणाला, "मग रिक्षा करायची की!"

हे सांगितलं त्या दिवशी त्याने डोळे मिटले आणि वरच्या स्क्रीनवर नाडीचा आकडा चढला. "हसतोय बघा तो," सिस्टर म्हणाली. आकड्यावरून तसं काही सांगता येत नाही, असं मॅडमनी मला नंतर समजावलं. त्यांचं बरोबरच असेल. मी मात्र तो आनंद वहिनीला जसाच्या तसा दिला. ती तिकडे एका लेकराला पाजत दुसऱ्याची वाट पाहत होती, आणि तिला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

हळूहळू श्वास परत आला. यंत्र थोडं थोडं कमी करत नेलं आणि एक दिवस नळी काढली. घरात बुद्धवंदना झाली, वहिनीने शेजारी खीर वाटली.

पण सम्यक बोलेना.

घसा तपासला, ठीक होता. आवाज घोगरा येईल, पण येईल, असं सांगितलं होतं. तो आवाज काढतच नव्हता. पाणी हवं का विचारलं की सवयीने डोळे मिटायचा. एक दिवस गेला, दुसरा गेला. मेंदूला या आजारात सहसा काही होत नाही हे मॅडमनी मला शांतपणे सांगितलं, तरी माझा जीव टांगणीलाच होता. जीव वाचला यात समाधान मानायला हवं होतं. मला तेवढं पुरत नव्हतं, खरं सांगते. मला तो मुलगा हवा होता जो तोंडाला येईल ते बोलत असे.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात नातेवाइकांना सोडलं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायची एक रीत आहे. माणूस खाटेशी वाकतो आणि मोठ्याने विचारतो, "ओळखलंस का मला?" मामा आले, विचारून गेले. मामी वाकली, "मी कोण, सांग बरं?" नानांनी विचारलं. वरच्या खोलीतला मुलगासुद्धा डोळे पुसत म्हणाला, "मला ओळखलं का, सम्या?" सम्यक एकेकाकडे बघत होता. मी वहिनीला फोन लावून मोबाईल त्याच्या उशीला टेकवला होता, निदान त्याचा श्वास तरी तिला ऐकू जावा म्हणून. शेवटी अमोल वाकला आणि त्यानेही तेच विचारलं.

सम्यकने मान माझ्याकडे वळवली. आवाज फाटका, पत्र्यावर खडा घासावा तसा.

"आत्तू, ह्यांना आपापली नावं म्हाईत न्हाईत का? समदे मलाच इचारत्यात."

मामा असे हसले की सिस्टर धावत आली. अमोल खाटेची दांडी धरून खाली बसला आणि हुंदके द्यायला लागला.

आता तो घरी आहे. वॉकर धरून चालतो, व्यायाम रोजचा आहे, पुढच्या काही महिन्यांत सुटा चालेल असं डॉक्टर म्हणतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं आमचं झालंय. पोट दुखतं म्हणाला तरी चारजण धावतात. डॉक्टर, सिस्टर, शांताबाई, ज्यांचं रक्त त्या बाटल्यांतून आलं ती न पाहिलेली माणसं, या सगळ्यांचं देणं आमच्यावर आहे. अंगणवाडीत मी अजूनही पोरांच्या बोलण्यावर हसते. हसू नका असं मी कुणालाच सांगणार नाही, त्या हसण्यावरच तर आम्ही ते दिवस काढले. हसून झालं की मात्र त्यांच्याजवळ बसते आणि विचारते, काय होतंय तुला, परत सांग.

त्या दिवशी वॉर्डात हसण्यारडण्याच्या गलक्यात उशीजवळचा मोबाईल आम्ही विसरलोच होतो. त्यातून वहिनीचा आवाज आला. "काय म्हणाला? माझा बाळ काय म्हणाला? परत बोल की रं!"

सम्यकने फोनकडे पाहिलं. दमला होता, श्वास घ्यायला थांबला आणि मग म्हणाला, "एकदा सांगितल्यालं तुमाला कळत न्हाई का?"

"न्हाई रं बाळा," वहिनी तिकडून रडत म्हणाली. "न्हाई कळलं आमाला. तू सांगत जा."