बाबल मिस्त्री आणि नानांची उंची

आमच्या घरात लग्नामुंजीला चार माणसं जमली की 'नाना वाढले' ही गोष्ट निघतेच, आणि ती सांगायचं काम माझ्याकडे असतं. आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत हसून पाणी येईपर्यंत सांगितली आहे. तिच्यातला एक भाग मात्र मी दर वेळी गाळला. नाना गेले, नानी गेल्या, आणि ज्यांच्यावर सगळा आळ आला ते बाबल मिस्त्रीही आता असणं शक्य नाही. हे लिहायला इतकी वर्षं का लागली याला भित्रेपणाखेरीज दुसरं कारण नाही.

बाबल मिस्त्री माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी कोपराकडे बघत. मालवणाकडचे सुतार, बुटके, कानावर पेन्सिलीचा तुकडा. गिरगावातल्या अर्ध्या वाड्यांतले जिने आणि माळे त्यांच्या हातचे होते. रस्त्यात कोणी भेटला की नजर त्याच्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत सरकायची आणि ते मान डोलवायचे. माणसं त्यांच्या लक्षात राहत ती हातांवरून. "तो पोस्टातलो मास्तर? हात आखूड, पण सरळ. त्याच्या घराक लाकूड कमी लागला."

फूटपट्टी ते वापरत नसत. एकदा आमच्या कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना ती देऊ केली, तेव्हा म्हणाले, "फूट म्हंजे सायबाचो पाय. सायबाच्या पायार आपला घर कित्याक उभा करूचा?" त्यांची रीत जुनी होती. काम काढलं की घराच्या धन्याचा हात मोजायचा, कोपर ते बोटाचं टोक, आणि तेवढी बांबूची काठी तोडायची. मग दार, जिना, खिडकी, सगळं त्या काठीने. "माणूस आपल्या हातान साडेतीन हात. वयर अर्दो हात देवाक सोडूचो, की झाला. घर धन्याच्या आंगाक बसाक व्हया, बंडी बसता तसा." एकदा काठी तोडली की दुसऱ्यांदा मोजणं त्यांना अपमान वाटे.

नाना म्हणजे माझे थोरले काका. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सहा फूट उंच, आणि त्या उंचीला शोभेल एवढे हट्टी. आईवडलांमागे त्यांनीच मला वाढवलं. पेन्शन घेतल्यावर त्यांनी ठरवलं की आमच्या एकमजली कौलारू घरावर स्वतःसाठी एक माळा चढवायचा. तिथे उभ्याने येरझारा घालत पोथ्या वाचायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. "तीस वर्षं बसून काढली दत्तू," ते मला म्हणाले, "आता उभं राहणार."

काम सुरू व्हायच्या दिवशी मिस्त्री सकाळीच ओसरीवर आले. नाना सोवळ्यात पूजेला बसलेले. त्यांना मिस्त्रींनी शिवायचा प्रश्नच नव्हता. मिस्त्रींनी लांब बांबू माझ्या हातात दिला. "भाऊ, नानांची पूजा झाली की तेंचो हात ह्याच्यार ठेवा आणि खूण करून घेवन येवा. मी हय बसतंय. घाई नाय."

घाई मला होती. मैदानावर त्या दिवशी पारशांचा गोऱ्यांशी क्रिकेटचा सामना होता आणि नानांची पूजा दोन तास चालायची. आंघोळ झालेली नसल्याने मीही त्यांना शिवू शकत नव्हतो. मी माजघरात थोडा वेळ उभा राहिलो. मग बांबू आडवा धरला, स्वतःचं कोपर टेकवलं आणि चाकूने खूण केली. एका घरातले हात, फरक पडून किती पडणार, असं त्या वेळी वाटलं. खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नव्हता. मी जेमतेम पाच फुटांचा.

मिस्त्रींनी खूण बघितली. क्षणभर कपाळाला आठी पडली. "नानांचो हात माका मोठो वाटलो होतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "पण तुमी मोजलात मा, मग बरोबर. शिकलेली माणसां तुमी." आणि त्यांनी काठी तोडली.

दुसऱ्या दिवशी नाना-नानी धूळ टाळायला अलिबागला गेले. दोन महिने देखरेख माझी. माळा उभा राहत होता तो मला उत्तम दिसत होता, कारण मी त्यात बरोबर मावत होतो. मिस्त्री माझ्याहून बोटभर बुटके, त्यांनाही काही खटकलं नाही. कोनाडा माझ्या हाताच्या उंचीवर, खिडकी माझ्या छातीशी. असं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

अलिबागहून आल्यावर नाना हौसेने जिना चढले. वरून पहिला आवाज आला तो त्यांच्या डोक्याचा. दुसरा त्यांच्या तोंडचा. तो इथे लिहीत नाही. आम्ही वर गेलो तर नाना आढ्याखाली मान मोडून उभे, हनुवटी छातीला टेकलेली, आणि त्या अवस्थेत मिस्त्रींना विचारत होते, "हे काय आहे?"

मिस्त्रींचा चेहरा उतरला, पण हार मानणारे ते नव्हते. त्यांनी काठी आणली, नानांच्या हाताला लावली. हात काठीच्या चार बोटं पुढे गेला. पूजेत नानांना कशाचंच भान नसे, म्हणून आपला हात कधी मोजला हे त्यांनी विचारलं नाही. मिस्त्रींनी काठी खाली ठेवली आणि ते अगदी शांतपणे म्हणाले, "नानांनु, माप चुकला नाय. तुमी वाढलास."

"काय?"

"तीस वर्सां हापिसात मान वाकवन बसलास. आता पेन्शन घेतलास, आंग मोकळा झाला. हात चार बोटां वाढलो, म्हंजे उंची चौदा बोटां वाढली."

नानी जिन्यातूनच म्हणाल्या, "अहो, चौदा बोटं वाढला असतात तर सदरा बेंबीवर आला असता. धोतरसुद्धा घोट्याशी आहे तिथेच आहे."

"धोतर नेसण्यावर असतं," नाना म्हणाले. आणि मी पाहिलं, त्यांना ते पटत चाललं होतं. पेन्शन घेतल्यापासून त्यांना कोणी विचारत नव्हतं. आठवड्याभरात सगळी वाडी त्यांना बघायला येऊ लागली. ठाकुरद्वारच्या वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं, "सांध्यांत वारा भरलाय. माणूस लांबतो." चौदा दिवस एरंडेल दिलं. नाना वाळले, उंची तेवढीच राहिली.

दर रविवारी मिस्त्री येत, नानांना दाराच्या चौकटीला उभं करत आणि डोक्यावर रेघ मारत. तारीखवार नोंद ठेवायचं काम नानांनी मला दिलं. "दत्तू, नीट लिही. असं सगळ्यांना होत नाही." मी लिहीत होतो.

एकदा सगळे माळ्यावर असताना नानी सहज म्हणाल्या, "दत्तूला कसा बाई बेतून शिवल्यासारखा बसतो हा माळा!" सगळे हसले. मिस्त्रीही हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

सहाव्या रविवारी मिस्त्रींनी रेघ मारली ती पहिल्या रेघेवरच बसली. त्यांनी पेन्सिल कानाला लावली. "वाढणत नाय," ते म्हणाले. "म्हंजे तेवाही वाढूक नव्हते. मगे चूक माझी." मी समोर वही घेऊन बसलो होतो. बोलायला तोंड उघडावं लागणार होतं, बाकी काही नाही. मी वहीत लिहिलं, 'वाढ नाही.'

मिस्त्रींनी चूक स्वतःच्या खर्चाने निस्तरायची ठरवली. आधी माळ्याची जमीन हातभर खाली घेतली. नाना वर सरळ उभे राहू लागले आणि खाली माजघरात आपटू लागले. जिना पूर्वीच्याच उंचीचा राहिल्याने शेवटची पायरी चढून मग माळ्यावर खाली उतरावं लागे. माजघरातला झोपाळा तुळईबरोबर खाली आला. त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला लागत, तरी नानी हट्टाने त्यावरच पान खात बसत. मग जमीन पुन्हा वर गेली, कौलं उतरली आणि छप्पर उचललं. त्यात मिस्त्रींचं साठवलेलं सगळं सागवान गेलं, आणि तेही पुरेना तेव्हा नानींच्या पाटल्या गेल्या. शेवटी माळा झाला, नाना त्यात येरझारा घालू लागले. कोनाड्याला हात लावायला मात्र त्यांना वाकावं लागे.

गिरगावात मग मिस्त्रींची चेष्टा सुरू झाली. "काय मिस्त्री, आज कोण वाढला?" काम द्यायच्या आधी लोक विचारत, "मी वाढणार नाही ना हो?" चेष्टा करणारे काम देत नाहीत. मिस्त्रींनी पितळी फूटपट्टी विकत घेतली. तिच्यावरचे आकडे त्यांना वाचता येत नव्हते. वर्षभरात ते परळच्या एका गिरणीत कापडाच्या पेट्या ठोकायला लागले. फळ्या कापून यायच्या, त्यांनी नुसते खिळे मारायचे.

लालबागला त्यांच्या खोलीवर मी एकदा गेलो, सगळं सांगायचं ठरवून. आठ गाववाले एका खोलीत. मिस्त्रींनी मला गूळपाणी दिलं. त्यांची नजर माझ्या कोपराकडे गेली नाही, सरळ तोंडाकडे आली. "नाना कसे असत? वाढणत नाय मा?"

"नाही. थांबले," मी म्हणालो. खोलीतले हसले. मी गूळपाणी पिऊन परत आलो.

मग गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली आणि लोक गावाकडे पळू लागले. मिस्त्रीही निघाल्याचं कळलं तसा मी धक्क्यावर धावलो. वेंगुर्ल्याच्या बोटीसाठी रांग होती, डॉक्टर एकेकाच्या काखा तपासत होते. मिस्त्री एक ट्रंक घेऊन रांगेत उभे होते, पार वाळलेले. मी वाटेत वाक्य तयार करून आणलं होतं: मिस्त्री, ते माप माझ्या हाताचं होतं.

"मिस्त्री," मी म्हणालो.

"भाऊ! इतक्या लांब इलात?" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ट्रंक खाली ठेवली. "बरा झाला इलात. एक मनात होता. नानांका तोंड दाखवूक माका जमाक नाय. तुमी तेंका सांगा, बाबलान तुमचा घर बिघडवल्यान, तेका माफ करा." आणि मी काही म्हणायच्या आत त्या म्हाताऱ्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. "नानांच्या जाग्यार तुमीच सांगा, भाऊ. माफ केलास मा?"

रांग पुढे सरकली. मागचा माणूस ओरडला. मिस्त्री माझ्याकडे बघत उभेच राहिले. उत्तर घेतल्याशिवाय ते हलणार नव्हते.

"असू द्या, मिस्त्री," मी म्हणालो. "केलं माफ."